मॅट संपते तिथे माणूस पडतो: पावसाळ्यात ऑफिसची इमारत सांभाळताना

अंधेरी पूर्वेला, चकाला मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक नऊ मजली ऑफिसची इमारत आहे. तिथली लादी, जिने, टॉयलेट आणि लिफ्टची लॉबी गेली चौदा वर्षं माझ्या जबाबदारीवर आहेत. त्याआधी आठ वर्षं मी स्वतः मॉप धरला. आज माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. दर वर्षी मे महिन्यात मी त्यांना पँट्रीत बसवते आणि पावसाळ्याची तयारी पहिल्यापासून समजावून सांगते, जुन्यांनाही आणि नव्यांनाही. तेच इथे लिहिते आहे. बँकेची शाखा, डॉक्टरांचा दवाखाना, कपड्यांचं दुकान, कोचिंग क्लास, काहीही सांभाळत असाल तरी यातलं बरंचसं तुम्हाला लागू पडेल.

सात वर्षांपूर्वी, जुलैतली सकाळ होती. सव्वादहा वाजले होते. पाऊस थांबून पंधरा मिनिटं झाली होती, बाहेर चक्क ऊन पडलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या अकाउंट्समधल्या एक बाई आत आल्या, मॅटवर पाय पुसले, छत्री मिटली आणि लिफ्टकडे वळताना त्यांची टाच सरकली. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. लादी ओली असल्याची सूचना देणारा पिवळा बोर्ड लावलेला होता, पण कुंडीच्या मागे. आणि त्या जागेवर आमच्या टीममधल्या मुलाने दोनच मिनिटांपूर्वी ओला मॉप फिरवला होता, कारण लॉबी चकाचक दिसली पाहिजे असं मीच त्याला बजावलं होतं. बाई दुखण्याने पांढऱ्याफटक पडल्या होत्या, तरी मला म्हणाल्या, "अहो ताई, मी तर पाय पुसले होते."

त्या पाय पुसून आल्या होत्या हे खरंच होतं. चूक आमची होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे मला शोधून काढायचं होतं.

लाल ठिपक्यांचा नकाशा

आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचा नकाशा प्रत्येक मजल्यावर भिंतीला लावलेला असतो. तळमजल्याच्या त्या नकाशाची मी झेरॉक्स काढली आणि पँट्रीत चिकटवली. शेजारी दोरीला लाल स्केचपेन बांधलं. टीमला सांगितलं, कोणी पडलं तर ठिपका, आणि कोणाचा पाय नुसता सरकला, तोल सावरला, तरीही ठिपका. तारीख आणि वेळ बाजूला. वॉचमन काकांना आणि रिसेप्शनवरच्या मुलीलाही हेच सांगितलं, कारण दिवसभर लॉबी बघणारे डोळे त्यांचे.

ऑगस्ट संपेपर्यंत नकाशा बोलू लागला. माझा समज होता की दारात जास्त ठिपके असतील. दारात जवळपास नव्हतेच. दाटी चार ठिकाणी होती: मॅट संपून पॉलिश केलेला ग्रॅनाइट सुरू होतो तिथे, लिफ्टच्या उंबऱ्याशी, पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर आणि मागच्या सर्व्हिस गेटला.

विचार केला तर कारण सरळ आहे. दारात माणूस सावध असतो, पाय दाबून टाकतो. मॅट ओलांडली की त्याला वाटतं, आलो आत, आता कोरडं आहे. पावलं लांब पडू लागतात, हात मोबाइलकडे जातो. चालताना आधी टाच टेकते. गुळगुळीत दगडावर पाण्याचा नुसता पातळ थर असला तरी टाच आणि दगड एकमेकांना धरत नाहीत, मधलं पाणी टाचेला पुढे घेऊन जातं. डबकं दिसतं, म्हणून माणूस त्याला वळसा घालतो. हा पातळ थर मात्र दिव्यांच्या उजेडात पॉलिशसारखाच चमकतो, त्यामुळे डोळ्याला कळतच नाही.

दुसरी गोष्ट ठिपक्यांच्या तारखांनी दाखवली. रेड अलर्टच्या दिवशी ठिपके कमी असायचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. त्या रात्री आमच्या तेव्हाच्या लॉबीत घोटाभर पाण्यात माणसं भिंतीला धरून, एकमेकांचा हात धरून चालत होती, आणि कोणी पडलं नाही. पडतात ते पाऊस येतो-जातो अशा दिवशी, सर थांबून ऊन पडलं की. तेव्हा चालणारे बेफिकीर असतात, आणि खरं सांगायचं तर आपली टीमही.

दुसरा वाईट दिवस म्हणजे जूनचा पहिला पाऊस. सात-आठ महिन्यांची धूळ, गाड्यांचं तेल, टायरचं घासलेलं रबर, सगळं उतारावर आणि पार्किंगमध्ये बसलेलं असतं. त्यावर पहिलं पाणी पडलं की दुधावरच्या सायीसारखा निसरडा थर तयार होतो. म्हणून पार्किंग आणि रॅम्प मेच्या शेवटच्या आठवड्यात ब्रशने घासून धुवून घ्या. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो असं हवामान खातं धरतं, पण वळवाची सर आधीच येऊन जाते.

मे महिन्यात करून ठेवायची कामं

आधी दगड तपासा. यासाठी कसलं यंत्र लागत नाही. स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी भरा, दोन बाय दोन फुटांची जागा ओली करा. एका हाताने रेलिंग किंवा खांब पक्का धरा, झिजलेल्या तळाची चप्पल घाला आणि टाच टेकवून पुढे ढकला. टाच अडखळत सरकत असेल तर ठीक. लोण्यावरून सुरी जावी तशी जात असेल तर ती जागा नकाशावर मांडा. अशी तपासणी दारापासून लिफ्टपर्यंत, जिन्याच्या प्रत्येक वळणावर, रॅम्पवर, टॉयलेटच्या दाराशी आणि पँट्रीच्या बेसिनसमोर करा. कोणीतरी शेजारी उभं राहू दे, एकट्याने करू नका.

निसरड्या दगडावर तीन उपाय आहेत. पायऱ्या आणि रॅम्प ग्रॅनाइटचे असतील तर खाचा मारून घेणं सगळ्यांत टिकाऊ. पाटा-वरवंट्याला टाकी लावतात तेच हे काम. दगड गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही म्हणून टाकी लावायची, तसं इथे पाय धरावा म्हणून. पायरीच्या कडेपासून दोन इंचाच्या आत दोन-तीन समांतर खाचा पुरतात. नवीन दगड घेणार असाल तर बाहेरच्या भागासाठी पॉलिशचा घेऊच नका, फ्लेम फिनिशचा, म्हणजे आगीच्या झोताने खरखरीत केलेला घ्या. टाइल्स घेणार असाल तर दुकानदाराला आर नंबर विचारा. आर ९ सगळ्यांत कमी पकडीची, आर १३ सगळ्यांत जास्त. प्रवेशाच्या भागात मी आर १० च्या खाली जात नाही, आणि पाऊस थेट लागणाऱ्या जागी आर ११ मागते.

दुसरा उपाय अँटी-स्किड टेप. स्वस्त आहे, पण घाईघाईत लावली तर पहिल्याच आठवड्यात कोपरा उचलते, आणि उचललेल्या टेपला पाय अडकून माणूस तोंडावर पडतो. म्हणून ती मेमध्येच लावायची, दगड धुवून पूर्ण सुकल्यावर. टेपचे कोपरे कात्रीने गोल कापा, चौकोनी कोपरा लवकर सुटतो. लावल्यावर रबरी हातोड्याने किंवा बाटली लाटून हवा काढा, आणि दिवसभर पाणी लागू देऊ नका. आम्ही हे काम शनिवारी संध्याकाळी करतो. तिसरा उपाय दगडावर लावायच्या रसायनाचा. तो आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून महिनाभर बघा आणि मगच सगळीकडे लावा.

पायऱ्या मोजायला टेप घेऊन स्वतः जा. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे अशा इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी ३० सेंटिमीटर असायला हवी. जुन्या इमारतीत सगळं बदलता येणार नाही, पण एक गोष्ट नक्की बघा: पहिली आणि शेवटची पायरी बाकीच्यांसारखीच आहे का? आपल्याकडे रस्ता उंच होतो, लादीवर लादी चढते आणि कडेची पायरी आखूड होऊन बसते. दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो, मग पाय न बघता पडतो, आणि तिथे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरकही तोल घालवतो. अशा पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा. रॅम्पला कठडा दोन्ही बाजूंना हवाच.

शेवाळ बाहेरच्या पायऱ्यांवर आणि एसीचं पाणी टपकतं तिथे येतं. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून लावा, पंधरा मिनिटं ठेवा, कडक ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. हे दर पंधरा दिवसांनी करावं लागतं. आणि एक ताकीद मी दर वर्षी देते, इथेही देते: ब्लीचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करायचे नाहीत, एकाच बादलीतसुद्धा नाहीत. त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद टॉयलेटमध्ये काम करणाऱ्या मावशीचा श्वास कोंडू शकतो. मार्बल आणि कोटा लादीवर तर ॲसिड नकोच, दगड खातं.

जून ते सप्टेंबर लॉबीला पॉलिश करू नका. मॅनेजमेंटने आग्रह धरला तरी समजावून सांगा. आम्ही ते काम दिवाळीनंतर घेतो.

मॅट

बहुतेक इमारतींत मॅट असते, पण दाराच्या निम्म्या रुंदीची आणि दोन पावलांची. तिच्यावर "वेलकम" लिहिलेलं असतं आणि तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं जातात. हीच त्या बाईंच्या पडण्याची सुरुवात होती. त्यांनी पाय पुसले ते दोनदा, आणि मॅट तेव्हा आधीच शंभर माणसांच्या पाण्याने भिजून गच्च झालेली होती. त्यांनी बूट कोरडे केले नाहीत, उलट मॅटमधलं पाणी बुटांना लावून घेतलं.

मॅट किती लांब हवी हे तुमच्या जागेवर मोजून ठरवा. जूनच्या पहिल्या पावसात, सकाळी लवकर, टीममधल्या तिघा-चौघांना ओल्या चपलांनी बाहेरून आत चालायला लावा. मॅटच्या पुढे पांढरे कागद जमिनीला चिकटपट्टीने पक्के चिकटवा. कागदावर ओले ठसे उमटत असतील तर मॅट आणखी वाढवा आणि परत चाला. ठसे उमटायचे थांबले की तुमची लांबी मिळाली. मग कागद लगेच उचला. आमच्याकडे हे गणित साडेपाच मीटरवर आलं, म्हणजे प्रत्येक पाय साधारण चार वेळा मॅटवर पडतो.

ही लांबी एकाच मॅटने भरू नका. बाहेर, छपराखाली, खरखरीत जाळीची रबरी मॅट टाका. तिचं काम चिखल आणि वाळू खरवडून घेणं. आत पाणी शोषणारी मॅट, मागच्या बाजूला रबर असलेली, म्हणजे ती सरकणार नाही. रुंदी दाराएवढी. दोन मॅटमध्ये फट ठेवू नका, लोकांचा पाय बरोबर त्या फटीतच पडतो. काथ्याची मॅट उन्हाळ्यात चांगली, पावसात भिजून कुजते आणि वास मारते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. शोषणारी मॅट सकाळभरात भरते. तळहात दाबून बघा, बोटांच्या फटीतून पाणी वर आलं तर ती मॅट आता धोका आहे. आमच्याकडे तीन संच आहेत: एक जमिनीवर, एक सुकत, एक तयार. सकाळी साडेसातला पहिली अंथरायची, साडेअकराला बदलायची, तीनला पुन्हा. मधे गर्दी ओसरली की ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्यूम मॅटवरून फिरवायचा. तीन संचांचा खर्च मागितला तेव्हा मलाही नकार मिळाला होता. मी लाल ठिपक्यांचा कागद टेबलावर ठेवला आणि एका मोडलेल्या मनगटाचा हॉस्पिटलचा खर्च किती होतो ते विचारलं. पुढच्या आठवड्यात मॅट आल्या.

पुठ्ठा आणि गोणपाट कृपा करून टाकू नका. कितीतरी ठिकाणी लिफ्टमध्ये आणि दारात खोक्याचे पुठ्ठे अंथरलेले मी बघते. पुठ्ठा भिजला की खालचा थर लगदा होतो आणि वरचा थर माणसासकट सरकतो. गोणपाटाला घड्या पडतात, त्यात पाय अडकतो. वर्तमानपत्राचं तर विचारूच नका.

ओली लादी पुसायची नाही, कोरडी करायची

हे वाक्य मी टीमकडून पाठ करून घेते. पाणी दिसलं की हात आपोआप मॉपकडे जातो, आणि मॉप बादलीत बुडवून फिरवला की एका जागचं पाणी दहा जागी पातळ पसरतं. म्हणजे जो थर नको, तोच आपण आपल्या हाताने तयार करतो. त्या दिवशी आमच्या मुलाने अगदी हेच केलं होतं.

गर्दीच्या वेळात, म्हणजे आमच्याकडे पावणेनऊ ते अकरा, लॉबीत पाण्याची बादली आणायचीच नाही. एका जणाच्या हातात वायपर, दुसऱ्याच्या हातात कोरडा मायक्रोफायबर मॉप. वायपरने पाणी दाराकडे किंवा जाळीकडे ओढायचं, लिफ्टकडे कधीच नाही. ओढताना स्वतः मागे मागे सरकायचं, म्हणजे ओल्यावर आपला पाय पडत नाही. वायपर गेल्यावरही दगडावर ओल राहते, तिच्यावर लगेच कोरडा मॉप. मॉप पिळून उभा धरा आणि दहापर्यंत मोजा. थेंब पडला तर तो अजून ओला आहे, परत पिळा. मोकळ्या वेळात धुवायचं असेल तेव्हा पॅसेजची अर्धीच रुंदी घ्या, उरलेल्या अर्ध्या कोरड्या भागातून लोक जाऊ देत. ती सुकली की दुसरी बाजू.

फिनाइल आणि साबण मापानेच घ्या. बाटलीच्या झाकणाचं माप असतं, ते पाळा. अंदाजाने ओतलेलं रसायन सुकल्यावर लादीवर चिकट थर ठेवतं, आणि पुढची ओली चप्पल पडली की तो पुन्हा साबण होतो. हात फिरवून बघा, बोटाला बुळबुळीत लागलं तर दोनदा साध्या पाण्याने पुसून काढा. काही ठिकाणी वर्षानुवर्षांचा थर साचलेला असतो. आम्ही एका रविवारी गरम पाणी आणि मशीनने लॉबी घासली, आणि पुढच्या पावसात तोच दगड बराच धरायला लागला.

सुकवायला ब्लोअर लावत असाल तर वायर भिंतीच्या कडेने न्या, चालण्याच्या वाटेवरून नाही, आणि त्या पॉइंटला ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच बंद करणारा स्विच, आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. ओल्या लादीवर वीज वापरताना हे सोडून चालत नाही.

पिवळा बोर्ड ओल्या जागेच्या अलीकडे दोन पावलं ठेवायचा, लोक ज्या ज्या बाजूंनी येतात त्या सगळ्या बाजूंना. त्यावर मराठीत आणि हिंदीत लिहा, नुसतं इंग्रजी वाचायला सगळ्यांना वेळ नसतो. आणि लादी सुकली की बोर्ड उचला. जो बोर्ड जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकाच जागी उभा असतो तो कोणालाच दिसत नाही.

लादीला घाम येतो तेव्हा

याची तक्रार माझ्याकडे बऱ्याच जणांनी केली आहे: "पाणी कुठूनच येत नाही, तरी लादी ओली." पावसाळ्यात मुंबईची हवा दमट असते आणि लॉबीचा एसी वीस-बावीसवर असतो, त्यामुळे दगड थंडगार पडतो. दार उघडं राहिलं की बाहेरची दमट हवा त्या दगडावर येते आणि थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं तसं दगडाला सुटतं. हे कितीही पुसलं तरी परत येणार. लॉबीचा एसी चोवीस ते सव्वीसच्या दरम्यान ठेवा, दार आपोआप बंद होईल असा स्प्रिंग नीट करून घ्या, आणि सामान आत घेताना दार विटेने अडकवून ठेवायची सवय मोडा.

छत्र्या, लिफ्ट, जिना

छत्रीचं पाणी दाराबाहेरच थांबलं पाहिजे. स्टँड दाराच्या बाहेर, छपराखाली ठेवा, खाली ट्रे असलेला, आणि ट्रे भरण्याआधी रिकामा करा. काही ठिकाणी छत्रीला घालायला पातळ प्लास्टिकच्या पिशव्या देतात. मार्च २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे, आणि तशाही त्या पिशव्या गळून जमिनीवर पडल्या की स्वतःच निसरड्या. लोक छत्री चोरीला जाईल म्हणून बाहेर ठेवायला कचरतात, म्हणून आम्ही नंबरचे पितळी टोकन ठेवले आहेत, वॉचमन काका देतात.

लिफ्टच्या उंबऱ्याला धातूची पट्टी असते. ओली धातू ग्रॅनाइटपेक्षाही वाईट, आणि बूट वळतो तोही तिथेच. तिच्यावर दर अर्ध्या तासाने कोरडा फडका फिरवायचा हे लॉबीतल्या माणसाचं ठरलेलं काम ठेवा. ड्रेनेजच्या लोखंडी झाकणांनाही हेच लागू. चालण्याच्या वाटेवर असतील तर खडबडीत रंग मारून घ्या.

जिन्यावर माणूस एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल किंवा डबा घेऊन चढतो. कठडा धरायला हातच उरत नाही. छत्री खालीच राहिली तर एक हात सुटतो, स्टँडचा हा दुसरा फायदा. वळणावरचे दिवे दुपारीही चालू ठेवा. ढग भरून आले की चार वाजताच अंधारून येतं.

मागचं दार

पुढच्या दाराला मॅट, कुंड्या, काच. मागच्या दाराला काय असतं? सर्व्हिस गेटला आमच्याकडे सात वर्षांपूर्वी काहीच नव्हतं, आणि लाल ठिपक्यांची तिथली दाटी बघून मला वाईट वाटलं ते आजही आठवतं. डिलिव्हरीची मुलं, डबेवाले, पाण्याचे वीस लिटरचे जार खांद्यावर घेऊन येणारे भाऊ, कचरा नेणारे, आणि आमच्याच मावशी, सगळे तिथून येतात. त्यांच्या हातात ओझं असतं, त्यामुळे पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. अंगावरच्या रेनकोटमधून पाणी गळत असतं. घाई असते, कारण उशिराचे पैसे त्यांचे कापले जातात. चपला बहुतेकांच्या तळ झिजून सपाट झालेल्या. आणि पडले तर उठून, अंग झटकून निघून जातात. रजिस्टरमध्ये नाव लिहायला कोणी थांबत नाही.

आम्ही तिथे काय केलं ते सांगते. छपराला ताडपत्रीऐवजी पत्रा लावून घेतला. भिंतीवर रेनकोट अडकवायला बारा खुंट्या ठोकल्या, खाली पाणी वाहून जायला नाली. जाळीची रबरी मॅट टाकली, पुढच्या दारासारखीच. जार आणि खोकी ठेवायला कमरेएवढ्या उंचीचा ओटा केला, म्हणजे ओझं टेकवून, बघून, मग उचलता येतं. पायऱ्यांच्या कडांना खाचा मारल्या. पुढच्या लॉबीपेक्षा याचा खर्च कमी आला. तुमच्याकडे पैसे एकाच दाराला पुरत असतील, तर मी म्हणेन आधी मागच्या दाराला लावा.

आपल्या टीमच्या चपलांकडेही बघा. स्वच्छता करणाऱ्यांना रबरी तळाचे, खोल नक्षीचे बूट संस्थेने द्यायला हवेत. नक्षी झिजून सपाट झाली की बदलायचे, वर्ष पूर्ण झालं की नाही हे बघत बसायचं नाही. ऑफिसच्या लोकांना आम्ही मेमध्येच निरोप पाठवतो, की कोरड्या बुटांचा एक जोड ड्रॉवरमध्ये ठेवा.

तरीही कोणी पडलं तर

धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका. प्रेमापोटी सगळे हेच करतात, आणि मोडलेलं हाड त्याने सरकतं. आधी शेजारी बसा, बोला. डोकं आपटलं का, मान दुखते का, कंबर-मांडी हलते का विचारा. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. उभं करायचा प्रयत्न करू नका, हलवू नका, १०८ ला फोन करा. अशा वेळी चहा-पाणीही देऊ नका, कदाचित ऑपरेशन लागेल. वयस्कर माणसाच्या बाबतीत "काही नाही, जरा मुका मार" असं म्हणून सोडू नका. डोकं आपटलेल्या माणसाला गुंगी किंवा उलटी आली, किंवा तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल, तर लगेच हॉस्पिटल. मनगट किंवा घोटा सुजत असेल तर अंगठी, बांगड्या, कडं लवकर काढा, नंतर निघत नाहीत.

माणूस सुखरूप गाडीत बसला, की लादी पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: जागा, मॅट, बोर्ड, चपलेचा तळ. वेळ, पाऊस होता की थांबला होता, शेवटचं कोणी आणि कशाने पुसलं, हे सगळं त्याच दिवशी लिहा. हे कोणाला पकडायला नाही हे टीमला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणारच नाही. पडलेला माणूस कंत्राटी कामगार असेल तर विचारा की त्याचं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आहे का. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ते मिळतं. कंत्राटदाराला त्याच दिवशी लेखी कळवा. कार्ड निघालंय पण नंबर कोणालाच माहीत नाही, असं बऱ्याचदा होतं, म्हणून आम्ही सगळ्यांचे नंबर फर्स्ट एडच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवले आहेत.

रोज रात्री मी हवामान खात्याचा रंग आणि भरतीची वेळ बघते. ऑरेंज किंवा रेड असेल आणि साडेचार मीटरच्या वरची भरती सकाळी असेल, तर पाणी तुंबणार, लोकल रखडणार आणि सगळे ऑफिसात एकदम अकरा-साडेअकराला येणार. मग मॅट बदलायची वेळ मी दहावर आणते आणि लॉबीत तिसरा माणूस ठेवते. संध्याकाळी शेवटचा माणूस गेल्यावर तिन्ही संच पार्किंगमधल्या लोखंडी कठड्यावर टांगतो, खालून दोन पंखे लावतो. सकाळी साडेसातला वॉचमन काका त्यातला सगळ्यांत कोरडा हात लावून निवडतात.